पावसानंतर मातीच्या रस्त्यावर सायकल घालू नका: अमेरिकेतल्या आयोवा राज्यात आमच्या सायकली भाड्याने नेणाऱ्यांसाठी

मुलांकडे आलेले पुण्या-मुंबईचे पाहुणे असोत की शिकागो, मिनिआपोलिसची आपली मराठी मंडळी, सायकल ताब्यात घेताना बहुतेकांचा प्रश्न एकच: "फोन जवळचा रस्ता दाखवतोय, मग तुम्ही दिलेल्या लांबच्या रस्त्याने कशाला जायचं?" हे नीट सांगायलाच हवं, कारण उन्हाळ्यात अडकलेल्यांना आणायला आमची व्हॅन सर्वात जास्त धावते ती फोनच्या या जवळच्या रस्त्यांमुळेच.

इथली जमीन १७८५ च्या कायद्याने ठरलेल्या पद्धतीने मोजली गेली: मैलभर लांब, मैलभर रुंद, ६४० एकरांचे चौकोन. रस्ते आले ते या चौकोनांच्या कडेने. त्यातले काही डांबरी किंवा काँक्रीटचे, पुष्कळसे खडीचे आणि काही निव्वळ मातीचे आहेत. फोनला हा फरक नेहमी कळतोच असं नाही. '२४०वी स्ट्रीट' वाचून शहरातला रस्ता वाटतो. तिथे पोहोचावं तर दोन्हीकडे डोक्याच्या वर मका आणि मधे खडी.

खडीचं काही नाही, सावकाश जाता येतं. खरी अडचण मातीच्या रस्त्याची. त्याच्या तोंडाशी पिवळी पाटी असते: 'लेव्हल बी सर्व्हिस, एंटर ॲट युअर ओन रिस्क'. म्हणजे काउंटी (इथला जिल्हा) या रस्त्याची जुजबीच देखभाल करते, आत जाल ते स्वतःच्या जबाबदारीवर. कोरडा असताना तो छान वाटतो, पण रात्री पाऊस झाला असेल तर सकाळी वरची पपडी वाळलेली आणि खाली चिखल. आपल्याकडच्या काळ्या रानात पावसाळ्यात सायकल घातल्यावर जे होतं, तेच इथेही होतं. शंभर पावलांत टायर आणि मडगार्डमध्ये माती गच्च बसते, चाक फिरेनासं होतं. माणूस तरीही पेडलवर जोर देतो. मग मागचा डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) ओढला जाऊन स्पोकमध्ये जातो, तो ज्यावर बसवलेला असतो तो हँगर तुटतो आणि त्या दिवसाची सफर तिथेच संपते. व्हॅनलाही त्या रस्त्यावर येता येत नाही. सायकल खांद्यावर घेऊन तुम्हालाच पक्क्या रस्त्यापर्यंत चालावं लागतं.

म्हणून पाटी दिसली की मागे फिरा. पुढचा रस्ता साधारण मैलावर असतो. सरळच जायचं असलं तरी एका चौकोनाला वळसा घालायला दोनच मैल, म्हणजे सव्वातीन किलोमीटर जास्त पडतात. चुकून आत गेलातच तर पेडल मारू नका, सायकल ढकलूही नका. उचलून कडेच्या गवतावर घ्या आणि काडीने माती काढा.

आमच्या मार्गपत्रकात ई१८सारखे रस्ते दिसतील. अक्षर आणि आकडा असलेले हे काउंटी रस्ते बहुतेक पक्के असतात. ए ते जे पूर्व-पश्चिम, के ते झेड उत्तर-दक्षिण, एवढं ध्यानात ठेवलं की दिशा चुकत नाही. या मार्गांवर आम्ही स्वतः सायकल चालवतो आणि पाणी, खाणं कुठे मिळेल तेही लिहून देतो. उन्हाळ्यात वारा बरेचदा दक्षिणेकडून असतो, म्हणून दक्षिणेचा टप्पा शक्यतो सकाळी ठेवतो. सहाला निघाच. जुलैत मक्याच्या पानांतून इतकी वाफ निघते की दुपारी घाम वाळत नाही. आणि आयोवा सपाट आहे हे ऐकून अंतर ठरवू नका. पश्चिमेच्या लोएस (वाऱ्याने साचलेल्या मातीच्या) टेकड्या आणि ईशान्येचे चढ पाय चांगलेच दुखवतात.

पंक्चर, तुटलेली तार, घसरलेली चेन यासाठी व्हॅनचे पैसे आम्ही घेत नाही. लेव्हल बीवरच्या मोडतोडीचे मात्र घेतो. काहींना हे कडक वाटतं. पण तुटलेला डिरेलर बदलेपर्यंत ती सायकल पुढच्या ग्राहकाला देता येत नाही, आणि त्याने महिनाभर आधी ती राखून ठेवलेली असते.

खडीवरच फिरायची हौस असेल तर रुंद टायरच्या, बिनमडगार्डच्या सायकलीही आमच्याकडे आहेत. नोंदणी करतानाच सांगा. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी फोन केलात तर पाऊस कुठे झालाय ते पाहून मार्ग बदलून देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत.