फ्रेंचमधला नावापुरता भूतकाळ

'इल फो क त्यु ए फिनी आव्हाँ मिदी.' बारा वाजायच्या आत तुझे आटोपलेले असले पाहिजे, असे हे फ्रेंच वाक्य सांगते. काम अजून झालेले नाही, कदाचित सुरूही झालेले नाही. तरीही वाक्यातल्या 'ए फिनी' या जोडरूपाला फ्रेंच व्याकरण 'स्युब्झोंक्तीफ पासे', म्हणजे संशय, इच्छा, भावना यांच्या छायेत येणारा भूतकाळ, असे म्हणते. फ्रेंच शिकणारे विद्यार्थी या नावाला फसतात आणि कालच्या, परवाच्या घटना शोधत बसतात. वास्तविक या रूपाचा कॅलेंडरशी संबंध नाही. मुख्य वाक्यातल्या किंवा संदर्भातल्या एखाद्या क्षणाशी तुलना करता ही क्रिया त्याच्या आधी पूर्ण झालेली आहे किंवा व्हायला हवी, एवढेच ते सांगते. तो क्षण काल असेल, आज असेल किंवा उद्या दुपारचे बारा असतील.

रूप बनवण्याची रीत एका वाक्यात सांगता येते. 'आव्ह्वार' (जवळ असणे) किंवा 'एत्र' (असणे) यांपैकी एका सहायक क्रियापदाचे वर्तमानकाळी स्युब्झोंक्तीफ रूप घ्यायचे आणि त्याला मुख्य क्रियापदाचे भूतकाळवाचक धातुसाधित जोडायचे. पुरुष आणि वचन यांचा सगळा भार सहायक क्रियापद उचलते, त्यामुळे हजारो क्रियापदांसाठी पाठ करायचे तक्ते फक्त दोनच उरतात. 'आव्ह्वार'ची रूपे अशी ऐकू येतात: झे, त्यु ए, इल ए, नू जेयों, व्हू जेये, इल जे. 'एत्र'ची रूपे: झ स्वा, त्यु स्वा, इल स्वा, नू स्वायों, व्हू स्वाये, इल स्वा. सर्वनाम आणि दोन शब्दांना सांधणारा ज बाजूला काढला, तर पहिल्या तक्त्यात 'ए', 'एयों', 'एये' आणि दुसऱ्यात 'स्वा', 'स्वायों', 'स्वाये' असे तीन-तीनच उच्चार राहतात. लेखनात मात्र 'आव्ह्वार'ची सहाच्या सहा रूपे वेगळी आहेत. शेवटची अक्षरे शतकांपूर्वी उच्चारातून गळून पडली आणि कागदावर तशीच राहिली, म्हणून फ्रेंच मुलांनाही ही रूपे बोलता आधी येतात आणि लिहिता फार उशिरा येतात. ही दोन क्रियापदे आणखी एका बाबतीत जगावेगळी आहेत: बाकी सर्व क्रियापदांच्या या अर्थातल्या तृतीय पुरुषी एकवचनाच्या लेखी रूपाचा शेवट 'ए' या अक्षराने होतो, यांचा मात्र न उच्चारल्या जाणाऱ्या 'त'ने होतो.

कोणते सहायक कधी घ्यायचे, हा भाग मराठी वाचकाला खरे तर फारसा परका वाटू नये. जाणे, येणे, पोहोचणे, निघणे, जन्मणे, मरणे, राहणे, पडणे अशी पंधराएक क्रियापदे आणि क्रिया कर्त्यावरच वळते अशी सर्व आत्मवाचक क्रियापदे 'एत्र' घेतात. उरलेली जवळजवळ सगळी 'आव्ह्वार' घेतात. 'एत्र' आले की धातुसाधित कर्त्याच्या लिंगवचनानुसार बदलते. तो मेला असला तर 'कील स्वा मॉर', ती मेली असली तर 'केल स्वा मॉर्त'. हा आपला कर्तरी प्रयोग झाला. 'आव्ह्वार'सोबत मात्र धातुसाधित कर्त्याकडे ढुंकूनही पाहत नाही. ते कर्माकडे पाहते, आणि तेही कर्म क्रियापदाच्या आधी आले असेल तरच. 'त्याने लिहिलेली एकमेव चिठ्ठी' हे फ्रेंचमध्ये 'ला सल लेत्र कील ए एक्रीत' असे होते. 'एक्री'ऐवजी शेवटी त ऐकू येणारे 'एक्रीत' आले, कारण चिठ्ठी तिथेही स्त्रीलिंगी आहे आणि ती क्रियापदाच्या आधी येऊन बसली आहे. लिहिणारा पुरुष असला तरी त्याने काही फरक पडत नाही. 'त्याने चिठ्ठी लिहिली' या आपल्या वाक्यात तरी दुसरे काय होते?

हे साम्य निव्वळ योगायोगाचे नाही. लॅटिनमध्ये 'माझ्याजवळ लिहिलेली पत्रे आहेत' अशा धाटणीची वाक्यरचना होती, आणि तिच्यातले 'लिहिलेली' हे पत्रांचे विशेषण असल्यामुळे पत्रांप्रमाणेच चालत असे. पुढे 'जवळ असणे' हे क्रियापद झिजून नुसते सहायक झाले, पण विशेषणाची जुनी निष्ठा अर्धीमुर्धी टिकली. आपल्याकडे संस्कृतातल्या 'मया पत्रं लिखितम्' या कर्मणी रचनेतून 'मी पत्र लिहिले' आले. लॅटिनमधले 'स्क्रिप्तुस' आणि संस्कृतातले 'लिखित' यांच्या शेवटी दिसणारा त हा एकाच प्राचीन भारोपीय प्रत्ययाचा वारसा आहे. मराठीत त्याच्यावर प्राकृत काळात 'इल्ल' चढले आणि 'गत'चे 'गेला' झाले. फ्रेंचमध्ये कर्म आधी आले तरच मेळ, हा नियम क्लेमाँ मारो या कवीने 1538 साली इटालियनचा दाखला देत पद्यात मांडला, आणि तेव्हापासून तो शाळकरी मुलांच्या मागे लागला आहे. अर्थात आपल्याशी असलेले साम्य सगळीकडे ताणता येत नाही. धावणे आणि झोपणे ही क्रियापदे मराठीत कर्तरी चालतात, फ्रेंचमध्ये ती 'आव्ह्वार' घेतात.

आता 'पासे' बाजूला ठेवून 'स्युब्झोंक्तीफ'कडे पाहू. 'झ क्र्वा कील ए पार्ती' म्हणजे तो गेला आहे असे मला वाटते. वाक्य नकारार्थी केले की ते 'झ न क्र्वा पा कील स्वा पार्ती' होते: तो गेला असेल असे मला वाटत नाही. पहिल्या वाक्यात बोलणारा त्याचे जाणे वस्तुस्थिती म्हणून मांडतो, दुसऱ्यात ते नुसते तपासायला समोर ठेवतो, आणि 'ए'चे 'स्वा' होते. मराठीही नेमक्या याच ठिकाणी 'आहे' सोडून 'असेल' किंवा 'असावा' घेते. 'जरी'च्या वाक्यात तर दोन्ही भाषांचे सांधे एकावर एक बसतात: 'ब्यँ कील स्वा व्हन्यू' म्हणजे 'तो आला असला तरी'. 'व्हन्यू' म्हणजे आला, 'स्वा' म्हणजे असला. आपल्याला इतकी सवयीची असलेली रचना परक्या भाषेत भेटताच तक्ता पाठ करायला बसणे ही शिकवण्याच्या पद्धतीची चूक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र सगळे तर्कानेच सुटेल अशी आशाही धरू नये. भीती, शंका, इच्छा, आनंद या सर्वांच्या मागून स्युब्झोंक्तीफ येतो आणि 'आशा करणे' या क्रियापदाच्या होकारार्थी वाक्यामागून येत नाही, हे केवळ लक्षात ठेवावे लागते.

या रूपाचे आजचे महत्त्व वाढले ते त्याची भावंडे मागे पडल्यामुळे. अभिजात फ्रेंचमध्ये मुख्य वाक्य भूतकाळात गेले की गौण वाक्याला आणखी दोन रूपे लागत: अपूर्ण भूतकाळाचे 'कील पार्ला' आणि त्याही आधीच्या घटनेसाठी 'कील यू पार्ले'. पहिल्याचा उगम लॅटिनमधल्या पूर्ण भूतकाळी रूपात आहे आणि फ्रेंचमध्ये ते 'पासे सँप्ल' या साध्या भूतकाळाच्या अंगावर उभे असते. तो साधा भूतकाळ रोजच्या बोलण्यातून हटला आणि कथा-कादंबऱ्यांपुरता उरला, तेव्हा त्याच्या आधाराने जगणारे हे रूपही गेले. स्पॅनिश आणि इटालियनमध्ये त्याची सख्खी भावंडे आजही रोजच्या बोलण्यात आहेत. फ्रेंच माणसाला मात्र 'आम्ही ठार करावे'साठी 'क नू जासासिनास्यों' म्हणायला लावले, तर वाक्य पुरे होण्याआधी त्याला हसू फुटते.

शासनानेही ही पडझड टप्प्याटप्प्याने मान्य केली. 1901च्या आदेशाने, मुख्य वाक्यात संकेतार्थी वर्तमानकाळ असेल तर गौण वाक्यात जुन्या रूपाऐवजी वर्तमान स्युब्झोंक्तीफ वापरणे परीक्षेत चूक धरू नये, असे ठरवले. 28 डिसेंबर 1976च्या आदेशाने, त्या वेळी रने आबी हे शिक्षणमंत्री होते, ही सवलत पुष्कळ रुंदावली. त्याच्या उदाहरणांत 'तो भेटीची वेळ विसरला असेल असे मला वाटले नव्हते' अशा आशयाचे एक वाक्य आहे. तिथे 'कील यूत् ऊब्लिये' आणि 'कील ए ऊब्लिये' ही दोन्ही रूपे ग्राह्य ठरवली आहेत. म्हणजे पूर्वी दोन रूपांनी वाटून घेतलेले काम आता एकटा स्युब्झोंक्तीफ पासे करतो. मुख्य वाक्य 'मला आनंद झाला आहे' असो की 'मला आनंद झाला होता', पुढे 'कील स्वा व्हन्यू'च येते.

तो आता आपल्या हद्दीबाहेरही पाय पसरतो आहे. 'आव्हाँ क', म्हणजे 'च्या आधी', यामागे स्युब्झोंक्तीफ येणे रास्त आहे, कारण ती घटना अजून घडायची असते. 'आप्रे क', म्हणजे 'नंतर', यामागे घटना घडून गेलेली असते, म्हणून तिथे वस्तुस्थितीचेच रूप हवे, असे व्याकरणकार आणि फ्रेंच अकादमी बजावत आले आहेत; तरी सुशिक्षित माणसेही सर्रास 'आप्रे कील स्वा पार्ती' म्हणतात. 'आव्हाँ क'च्या शेजाराचा हा परिणाम असणार, पण आणखी एक कारण दाखवले जाते. जुन्या कथनशैलीत 'आप्रे कील यू फिनी' असे वस्तुस्थितीवाचक रूप योग्यच होते, आणि त्याच्याशी उच्चारात तंतोतंत जुळणारे स्युब्झोंक्तीफ रूपही भाषेत होते. दोघांमधला भेद लिहिताना स्वरावर चढवल्या जाणाऱ्या छपराच्या आकाराच्या एका चिन्हापुरता होता, आणि ते चिन्ह कानाला कधीच ऐकू येत नव्हते.