शिक्षणाचा हक्क आणि ‘आरटीईतला नंबर’

तुळजापूर तालुक्यातली एक बाई दर वर्षी फेब्रुवारी उजाडला की नवऱ्यासोबत सोलापूरला जाते, गणवेश शिवण्याच्या कारखान्यात पीसवर, म्हणजे नगामागे मजुरीवर, काम करते आणि जूनमध्ये गावी परतते. ती मला म्हणाली, “पोरीचा आरटीईत नंबर लागला नाही. आता तिच्या शिक्षणाचं काही खरं नाही.” मांडीवर निळ्या शर्टांचा ढीग होता, ती कात्रीने सुटे धागे छाटत होती, आणि शेजारी बसलेली सहा वर्षांची मुलगी बटणे निवडून देत होती.

तिची काळजी खरी होती, पण तिच्या बोलण्यात दोन निराळ्या गोष्टी एका नावाखाली मिसळल्या होत्या. संविधानाच्या कलम २१-क वर आधारलेला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला २००९ चा शिक्षण हक्क कायदा (‘राइट टू एज्युकेशन’, म्हणजे आरटीई) ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला जवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क देतो. त्यासाठी ऑनलाइन अर्ज लागत नाही, सोडत निघत नाही, उत्पन्नाची अटही नाही.

लोक ज्याला ‘आरटीई’ म्हणतात, तो या कायद्याच्या कलम १२ मधला एक भाग आहे. विनाअनुदानित खाजगी शाळांनी पहिलीच्या किंवा पूर्वप्राथमिकच्या प्रवेशात किमान २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांना द्यायच्या, आणि त्यांच्या शुल्काची भरपाई सरकारने करायची, अशी ती तरतूद आहे. अर्ज जागांपेक्षा जास्त आले की सोडत काढली जाते. नंबर लागतो किंवा हुकतो तो इथे. अल्पसंख्याक शाळांना हे बंधन नाही, आणि ही सवलत आठवीपर्यंतच आहे. महाराष्ट्रात २०२४ मध्ये सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खाजगी शाळेला यातून सूट देणारा नियम आला होता. मुंबई उच्च न्यायालयाने तो त्याच वर्षी रद्द केला, हे योग्यच झाले. तरीही भाड्याच्या एका खोलीत राहणाऱ्या आणि हातात पगाराची पावती नसलेल्या शिवणकामगाराला रहिवासाचा आणि उत्पन्नाचा पुरावा गोळा करणे जड जाते.

अशा कुटुंबाला अधिक उपयोगी पडतो तो मूळ हक्क, कारण २५ टक्क्यांतली जागा त्या एका शाळेला बांधलेली असते, तर मूळ हक्क मुलीबरोबर गावोगाव जातो. कलम ५ नुसार तिला दुसऱ्या सरकारी किंवा अनुदानित शाळेत जाता येते. आधीच्या मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब दिला पाहिजे, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश अडवता येत नाही. जन्माचा पुरावा नाही (कलम १४) किंवा प्रवेशाची मुदत संपली (कलम १५) या कारणांनीही तिला परत पाठवता येत नाही. मधली दोन वर्षे शाळा सुटली असेल तर कलम ४ प्रमाणे तिला वयानुसार वर्गात बसवून मागे राहिलेल्या अभ्यासासाठी विशेष प्रशिक्षण द्यावे लागते, आणि १४ वर्षे उलटली तरी आठवी पूर्ण होईपर्यंत तिचे शिक्षण मोफतच राहते.

बटणांबद्दलही बोलले पाहिजे. बालमजुरीच्या कायद्यात २०१६ मध्ये झालेल्या दुरुस्तीने शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत घरच्या व्यवसायात मदत करण्याची मुभा मुलांना दिली आहे. पीसवर मजुरी मिळते तिथे ही मदत रात्री उशिरापर्यंत लांबते आणि सकाळी मूल वर्गात पेंगते. ही मुभा काढून टाकली पाहिजे असे माझे ठाम मत आहे.

त्या आईला मी सांगितले, की सोडतीचा निकाल काहीही लागो, मुलीला घेऊन जिल्हा परिषदेच्या शाळेत जा. तिथे कोणी दाखल्यासाठी किंवा तारखेसाठी अडवले, तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाकडे (जिल्हा परिषद, नगरपालिका वगैरे) लेखी तक्रार करता येते आणि तिचा निर्णय तीन महिन्यांत देणे बंधनकारक आहे; तक्रारीची पोच मात्र मागून घ्यावी.