‘ती कंपनी नको’ या सल्ल्यामागचा इतिहास

घरच्या कॉम्प्युटरची हार्डडिस्क एप्रिलात टकटक करायला लागली. दोन दिवस टकटक, तिसऱ्या दिवशी सगळं शांत. नवी घेतलेली बरी म्हणून इथं सोलापुरात नवी पेठेत गेलो. पहिल्या दुकानात सांगितलं, "ही न्या, ती दुसऱ्या कंपनीची घेऊ नका, परत येते." चार दुकानं सोडून पुढं गेलो तर नेमका उलटा सल्ला. दोघंही खोटं बोलत नव्हते. दोघांच्या गाठीला आपापला एक वाईट लॉट होता, एवढंच.

हा सल्ला कुठून आला ते बघायचं तर थोडं मागं जावं लागतं. साठवलेली माहिती उघड्या डोळ्यांनी बघायची सोलापूरकराला जुनी सवय आहे. चादरीच्या जेकार्ड मागावर पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ फिरते. भोक आलं की सुई आत शिरते आणि तो धागा उचलला जातो, भोक नसेल तर धागा खालीच राहतो. चादरीवरचा मोर आधी भोकांत असतो. कार्ड फाटलं तर दिसतं, तेवढंच बदलून माळ पुन्हा ओवता येते. पुढं कचेऱ्यांतले हिशेबही भोकांच्या कार्डांवरच चालायचे. १९५६ साली आयबीएम या अमेरिकन कंपनीने रॅमॅक नावाचं यंत्र आणलं, त्यात पहिली हार्डडिस्क होती : माहिती भोकांऐवजी फिरत्या तबकड्यांवर चुंबकानं लिहायची. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या, वजन टनाच्या घरात, आणि मावायची ५० लाख अक्षरं. म्हणजे ८० अक्षरांच्या कार्डांचा हिशेब केला तर साडेबासष्ट हजार कार्डं. पण भोक गेलं आणि दिसणंही गेलं. आजच्या डिस्कमध्ये वाचणारं हेड तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. बिघाड डोळ्याला दिसत नाही म्हटल्यावर माणूस नावावर विश्वास टाकणार, दुसरं काय करणार?

१९८० मध्ये सीगेटची ५ एमबीची, सव्वापाच इंची डिस्क आली आणि हा ऐवज टेबलावरच्या कॉम्प्युटरात बसू लागला. आजवर शंभराहून जास्त कंपन्या या धंद्यात उतरल्या. उरल्या तीन : सीगेट, वेस्टर्न डिजिटल, तोशिबा. बाकीच्या एकमेकींच्या पोटात गेल्या. क्वांटमची डिस्क शाखा मॅक्सटरमध्ये, मॅक्सटर २००६ साली सीगेटमध्ये, सॅमसंगची डिस्क शाखाही सीगेटमध्येच, फुजित्सूची तोशिबाकडे.

यातली एक वंशावळ मला फार आवडते. २००० साली आलेली आयबीएमची डेस्कस्टार ७५ जीएक्सपी ही डिस्कची मालिका इतक्या संख्येनं बंद पडू लागली की लोक तिला ‘डेथस्टार’ म्हणू लागले, अमेरिकेत ग्राहक कोर्टात गेले. पुढं आयबीएमने हा धंदाच हिताचीला विकून टाकला. आणि गंमत अशी, त्याच घराण्यातल्या, डेस्कस्टार हेच नाव लावणाऱ्या हिताचीच्या डिस्क दहाएक वर्षांनी सगळ्यांत टिकाऊ निघाल्या. अमेरिकेतली बॅकब्लेझ ही कंपनी लोकांचा बॅकअप, म्हणजे त्यांच्या माहितीची जादा प्रत, हजारो डिस्कवर ठेवते आणि कुठलं मॉडेल किती मेलं ते छापते. त्या तक्त्यांत हिताची वर होती, तर सीगेटचं ३ टीबीचं एक मॉडेल भयंकर वाईट. त्याच सीगेटच्या ४ टीबीच्या डिस्क मात्र बऱ्यापैकी चालल्या. २०१२ मध्ये हिताचीचा हा धंदा वेस्टर्न डिजिटलकडे गेला. मग आता ‘ती कंपनी नको’ म्हणजे नेमकी कुठली नको? वाईट असतं ते मॉडेल. बदनामी मात्र आडनावाला चिकटते, अगदी आपल्याकडच्या लग्नाच्या चौकशीसारखी.

२०११च्या पावसाळ्यात थायलंडमध्ये महापूर आला, डिस्कचे कारखाने पाण्यात गेले आणि जगभर किमती भडकल्या. बॅकब्लेझवाले तेव्हा दुकानांतून बाहेरून लावायच्या डिस्क आणून त्यांची कवचं फोडून आतली डिस्क वापरत होते. पूर ओसरला, भावही उतरले. त्याच काळात घरगुती डिस्कची तीन वर्षांची वॉरंटी कंपन्यांनी कुठं दोनवर, कुठं एकवर आणली, ती आखडलेली वॉरंटी मात्र बरीच वर्षं तशीच राहिली. माझ्या मते दुकानात विचारायचा पहिला प्रश्न हाच : वॉरंटी किती वर्षं? नावापेक्षा तो आकडा जास्त बोलतो.

उन्हाचं काय? आपल्याकडं सगळा दोष उन्हाला. २००७ मध्ये गूगलने आपल्या एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास मांडला, त्यात तापमानाचा आणि डिस्क मरण्याचा संबंध वाटतो तितका घट्ट निघाला नाही. फक्त फार गरम राहणाऱ्या, जुन्या डिस्कना फटका दिसला. पण त्यांच्या डिस्क थंड खोल्यांत होत्या. मे महिन्यात सोलापुरात पंख्याखालची खोलीच चाळिशीला असते, बंद डब्यातली डिस्क पन्नाशी ओलांडते, आणि साध्या डिस्कची मर्यादा बहुतेक वेळा ६० अंशांची. कॅबिनेटच्या तोंडाशी एक पंखा लावणं हे इथं नखरे नव्हेत. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट जास्त अस्वस्थ करणारी : मेलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून जास्त डिस्कनी त्यांच्या स्वतःच्या नोंदीत खराब सेक्टरचा, म्हणजे तबकडीवरच्या बिघडलेल्या तुकड्यांचा वगैरे ठळक इशारा दिलाच नव्हता. माझ्या डिस्कने निदान टकटक तरी केली.

लोडशेडिंगच्या वर्षांत ‘लाइट गेली की डिस्क जाते’ असं सगळे म्हणायचे. त्यात अर्धं खरं होतं. वीज जाताच फिरती मोटरच क्षणभर जनित्र बनते आणि त्या विजेवर हेड बाजूला घेतलं जातं, म्हणजे डिस्क सहसा वाचते. त्या क्षणी लिहिली जात असलेली फाइल मात्र अर्धवट राहते. युपीएस हवा तो तिच्यासाठी.

अलीकडच्या दोन भानगडी माहीत हव्यात. काही डिस्कमध्ये माहितीच्या पट्ट्या कौलांसारख्या एकमेकींवर चढवलेल्या असतात. जागा वाढते, पण मधलं काही बदलायचं तर शेजारची कौलंही पुन्हा रचावी लागतात. २०२० साली हे न सांगता विकल्याबद्दल कंपन्यांना बोलणी बसली. फोटो साठवायला ही चालते, रोजच्या कामाला रडवते. दुसरी भानगड २०२५ची : वापरलेल्या डिस्कचे तासांचे आकडे पुसून त्या नव्या म्हणून विकल्याचं युरोपात उघड झालं.

म्हणून पुन्हा पेठेत गेलो तेव्हा दुकानदाराला म्हटलं, पाकीट इथंच फोडा आणि लावून दाखवा. मॉडेल नंबर वहीत लिहून घेतला. विंडोजसाठी वेगळी छोटी एसएसडी, म्हणजे तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क घेतली, फोटोंसाठी ही फिरती, आणि तशीच आणखी एक, मुद्दाम वेगळ्या कंपनीची. दुकानदारानं डिस्कवर चाललेले तास उघडले : शून्य. पुसलेला आकडाही शून्यच दिसतो, पण त्याची खातरजमा करायला डिस्कच्या आणखी आतल्या नोंदीपर्यंत जायची त्याची तयारी नव्हती, बिलावर सिरीयल नंबर मात्र त्यानं न मागता घातला. दुसरी डिस्क आता विजापूर रोडला बहिणीच्या कपाटात, साड्यांखाली आहे. महिन्यातून एकदा आणतो, नवे फोटो भरतो, परत नेऊन ठेवतो.