भरती रोजची, उधाण पंधरवड्याचं

बडोद्यातल्या मराठी घरांमधून हल्ली अलिबागकडे गरी टाकायला जायची चौकशी बरीच होते. एका बोटीत तीन-चार कुटुंबं, माणशी पैसे, गळ आणि कोलंबीचं आमिष बोटवाल्याचं, शिकवणाराही तोच. चांगली गोष्ट आहे. पण दर वेळी कुणीतरी म्हणतंच, "पौर्णिमेला जाऊ या, तेव्हा भरती असते." अहो, भरती रोज असते! पौर्णिमेला असतं ते उधाण, आणि पहिल्यांदा गळ धरणाऱ्या मुलांसाठी तेच सगळ्यात वाईट.

भरती-ओहोटी बडोदेकराला शिकवायला नको. कावी-कंबोईचं स्तंभेश्वराचं देऊळ पाण्याखाली जाताना आणि पुन्हा वर येताना आपल्यातल्या बहुतेकांनी पाहिलंय. दिवसातून दोनदा, दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटं, आणि रोज वेळ ५० मिनिटांनी पुढे सरकते. एवढं पुरे.

उधाण म्हणजे त्या भरतीचं माप. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र पृथ्वीशी एका रेषेत येतात, दोघांची ओढ एकत्र होते. पाणी जास्त चढतं, आणि लोक नेमकं विसरतात ते हे की ओहोटीला ते जास्त खालीही जातं. अष्टमीच्या आसपास दोघं काटकोनात असतात. पाणी चढतं कमी, उतरतं कमी. कोळी त्याला भांग म्हणतात. दोन्हींचा जोर तिथीनंतर एक-दोन दिवसांनी दिसतो, म्हणून प्रतिपदा-द्वितीयेचं पाणी पौर्णिमेपेक्षाही मोठं असू शकतं.

आता खरी मेख. पाणी चढायला वेळ दोन्ही वेळा तेवढाच, सहा तासांच्या आसपास. मुंबईच्या बाजूला उधाणाची भरती साडेचार मीटरच्या वर जाते. तेवढ्याच वेळात एवढं जास्त पाणी आत यायचं आणि बाहेर जायचं, म्हणजे ओढ जबरदस्त. गळाच्या दोरीला वजन म्हणून बांधलेलं शिसं तळाला टिकत नाही, दोरी तिरकी धावते, आणि शेजाऱ्याच्या दोरीत अडकते. आमच्या दांडिया बाजारातली दोन कुटुंबं एकदा कोजागरीनंतर दुसऱ्याच दिवशी गेली होती. समुद्र आरशासारखा शांत होता, तरी सगळा वेळ गुंता सोडवण्यात गेला. सहा वर्षांच्या मुलीला माशाचा एक झटकाही हाताला लागला नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. भांगात तेच शिसं सरळ खाली बसतं आणि ढोम्यासारख्या माशाने आमिषाला तोंड लावलं तरी बोटाला कळतं.

शांत समुद्र म्हटलं, कारण आणखी एक गल्लत तिथेच होते. लाटा उसळल्या की आपण 'उधाण आलं' म्हणतो. लाटा वाऱ्याने उठतात. त्यासाठी हवामानाचा इशारा बघायचा, पंचांग नव्हे.

"पण कोळीच सांगतात, उधाणात मासळी भरपूर." सांगतात, आणि त्यांचं बरोबर आहे. ते बोलतात डोल जाळ्याबद्दल. डोल एका जागी रोवलेली असते आणि धावतं पाणीच बोंबील, जवळा तिच्यात आणून घालतं. तिला ओढ हवी, गळाला नको. जाळ्याचा नियम गळाला लावू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

वेळ काढायला घरचं कालनिर्णय पुरतं. मुंबई-अलिबागच्या किनाऱ्याला तिथीची पाऊणपट करा, साधारण भरतीची वेळ मिळते. नवमीला पावणेसात, दशमीला साडेसात. भरती पूर्ण झाल्यावर पाणी थोडा वेळ थबकतं. मुलांच्या हातात गळ तेव्हाच द्यायचा. दोन्ही पक्षांतल्या नवमी-दशमीला मी सगळ्यात जास्त पसंती देते. एकादशीलाही पाणी बरं असतं, पण आपल्याकडे निम्म्या बोटीचा उपास असतो आणि पकडलेला मासा त्या दिवशी कुणी रांधत नाही.

१ जून ते ३१ जुलै महाराष्ट्रात यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, तेव्हा नवमी असो की दशमी, विचारूच नका. बाकीच्या महिन्यांत बोट ठरवताना आधी तिथी सांगा, मग शनिवार-रविवार बघा.