न निवळणारं पाणी

कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात, फोर्ट मॅकमरीच्या उत्तरेला, अथाबास्का नदीच्या दोन्ही काठांना उघड्या खाणी पसरल्या आहेत. आधी स्प्रूसचं जंगल तोडायचं, मग खालची पाणथळ, दलदलीची जमीन उपसायची, तेव्हा कुठे ती काळी, चिकट वाळू हाती लागते. तिच्यात साधारण १० ते १२ टक्के बिटुमेन, म्हणजे डांबरासारखं घट्ट तेल असतं. एका पिंपासाठी सुमारे २ टन वाळू उपसावी लागते. १९६७ पासून हे चालू आहे.

धूर आणि कार्बनची चर्चा बरीच होते. मला त्याहून जास्त काळजी वाटते ती मागे उरणाऱ्या पाण्याची.

वाळू गरम पाण्यात घुसळतात, त्यात थोडा कॉस्टिक सोडा घालतात. बिटुमेन फेसासोबत वर येतं, पण त्यातली नॅफ्थेनिक आम्लं पाण्यात उतरतात. ती माशांना घातक असतात. जाड वाळू लगेच तळाशी बसते. चिकणमातीचे अतिसूक्ष्म कण मात्र बसत नाहीत. त्यांच्यावर ऋण विद्युतभार असल्यामुळे ते एकमेकांना दूर लोटतात. काही वर्षांनी दह्यासारखा गाळ तयार होतो, त्यातही वजनाने जवळपास ७० टक्के पाणीच. पुढची कित्येक दशकं तो तसाच राहतो.

हे पाणी नदीत सोडता येत नाही, म्हणून बांध घालून तलावांत साठवलं जातं. आज साठा १ लाख कोटी लिटरच्या पुढे गेला आहे. २००८ च्या एप्रिलमध्ये अशाच एका तलावावर उतरलेली सुमारे १,६०० बदकं तेलाने माखून मेली.

तलाव गळतातही. कर्ल खाणीत २०२२ च्या मे महिन्यात रंग बदललेलं पाणी झिरपताना दिसलं, २०२३ च्या सुरुवातीला आणखी ५३ लाख लिटर सांडपाणी बाहेर पडलं. नदीच्या खालच्या अंगाला फोर्ट चिपेवायन हे आदिवासींचं गाव आहे. मासे, शिकार, पिण्याचं पाणी, सगळं याच पाण्याच्या आधाराने. झिरपा किती गंभीर आहे हे तिथल्या लोकांना तब्बल नऊ महिने कोणी सांगितलं नाही. हे अक्षम्य आहे.

जंगल पुन्हा उभं करू, असं कंपन्या सांगतात. २००८ मध्ये १०४ हेक्टरच्या एका टेकडीला सरकारने तसं पहिलं प्रमाणपत्र दिलं. पण ती टेकडी खाणीवरच्या मातीच्या ढिगाऱ्याची होती. तिथे कधी गाळाचा तलाव नव्हताच.