मराठी कानांनी जपानी ऐकताना

"कासा ओ मोत्ते किता का?"

गेल्या पावसाळ्यात डिचोलीच्या घरी बाल्कांवात बसून भाचीने हे वाक्य मला मोठ्याने वाचून दाखवलं. मांडीवर मांगाचं पुस्तक होतं. मांगा म्हणजे जपानी चित्रकथा, उजवीकडून डावीकडे वाचायची. चित्रात दारात उभा असलेला बाप, समोर दप्तर घेतलेला मुलगा आणि मागे तिरप्या रेघांचा पाऊस. आमच्याही समोर तसाच कोसळत होता. "मावशी, याचं इंग्लिश करायचं तर मला दर वेळी शेवटून सुरुवात करावी लागते," ती म्हणाली.

मी म्हटलं, मग इंग्लिश करतेस कशाला? मराठी कर. कासा म्हणजे छत्री. 'ओ' हा कर्माला लागणारा प्रत्यय, मराठीत इथे त्याची गरजच नाही. मोत्ते म्हणजे घेऊन. किता म्हणजे आलास. आणि का म्हणजे का.

छत्री घेऊन आलास का?

तिने एकेका शब्दावर बोट ठेवून पुन्हा वाचलं. एकही शब्द जागचा हलवावा लागला नाही. "'का' सुद्धा तोच?" तिने विचारलं. होय, प्रश्न विचारताना वाक्याच्या शेवटी येणारा 'का' दोन्हीकडे आहे. उच्चार जुळणं हा योगायोग, कारण जपानी आणि मराठी एका कुळातल्या भाषा नाहीत. पण घडण जुळणं तेवढं दुर्मीळ नाही. क्रियापद शेवटी ठेवणाऱ्या भाषांत शब्दयोगी अव्ययं आणि प्रत्यय बहुधा नामाच्या मागून येतात, हे जगभरच्या भाषांची तुलना करणाऱ्यांना फार पूर्वी दिसलं आहे. 'तोक्यो नी' म्हणजे तोक्योला, 'उमी दे' म्हणजे समुद्रावर, 'तोमोदाची नो होन' म्हणजे मैत्रिणीचं पुस्तक.

गोव्यातली मराठी मुलं अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी चलत्चित्रमालिका, बघून जपानी उचलतात, तेव्हा पडद्याखाली येणाऱ्या इंग्रजी ओळींच्या आधाराने उचलतात. त्यांच्या घरातल्या भाषेत या भाषेची किल्ली आहे, हे त्यांना कुणी सांगत नाही. मला ते मनापासून खटकतं.

एकच उदाहरण जरा जवळून बघू. इंग्रजीतून जपानी शिकवणाऱ्या पुस्तकांत क्रियापदाचं 'ते' रूप हा पहिला मोठा घाट असतो. ताबेते, इत्ते, मोत्ते, कात्ते. आपल्याला ही रूपं रोजची आहेत: खाऊन, जाऊन, घेऊन, विकत घेऊन. पुढची गंमत तर याहून मोठी. 'ताबेते मिरु' मधला मिरु म्हणजे बघणे, पण अर्थ होतो खायचा प्रयत्न करणे, चव घेणे. इंग्रजी बोलणाऱ्याला प्रश्न पडतो, बघण्याचा इथे काय संबंध? मराठी माणसाला तो पडतच नाही, कारण आपण 'जरा खाऊन बघ' म्हणतो. 'कात्ते ओकु' म्हणजे विकत घेऊन ठेवणे, 'मोत्ते इकु' म्हणजे घेऊन जाणे, 'ताबेते शिमात्ता' म्हणजे खाऊन टाकलं. या शेवटच्या रूपात कधी काम संपल्याचा अर्थ असतो, कधी 'अरेरे, खाऊन टाकलं की' अशी हळहळ. टाकणे हे आपलं क्रियापदही दोन्ही भार वाहतं. वाक्याच्या टोकाला येणारा 'ने' आपल्या 'ना'सारखा चालतो. 'ई तेन्की देसु ने', छान हवा आहे ना. भाचीने वहीत जपानी आणि मराठी असे दोन रकाने आखले ते त्याच संध्याकाळी.

आता शास्त्राकडे. भाषा डोक्यात शिरते ती मुख्यतः समजलेल्या बोलण्यातून आणि वाचनातून, असा सिद्धान्त स्टीफन क्रॅशेन या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाने मांडला. आपल्याला येतं त्यापेक्षा किंचित वरचं, पण संदर्भाने कळेल असं काहीतरी सतत कानावर आणि डोळ्यांसमोर हवं. 'किंचित' किती, हेही मोजलं गेलं आहे. हू आणि पॉल नेशन यांनी 2000 साली केलेल्या अभ्यासात, गोष्ट कोशाशिवाय नीट समजायला तिच्यातले सुमारे 98 टक्के शब्द माहीत असावे लागतात असं दिसलं. म्हणजे पन्नास शब्दांत एखादाच अनोळखी. नवशिक्याला जपानी कादंबरी अशी कुठून झेपणार? मांगात उरलेलं काम चित्र करतं. बाप दारात उभा आहे, बाहेर पाऊस आहे, हे दिसल्यावर 'कासा'चा अर्थ निम्मा कळून चुकलेला असतो. शिवाय मुलांसाठीच्या मांगात कान्जींच्या, म्हणजे चिनी वळणाच्या अक्षरांच्या शेजारी बारीक ठशात उच्चार छापलेला असतो. त्याला फुरिगाना म्हणतात. रोजच्या वापरासाठी ठरवून दिलेल्या 2136 कान्जी शिकण्याआधीच गोष्ट वाचता येते ती त्यामुळे.

अ‍ॅनिमेचं गणित जरा वेगळं. माझ्या पिढीने दूरदर्शनवर रविवारी सकाळी पाहिलेली मोगलीची मालिका जपानी अ‍ॅनिमे होती. आम्ही ती हिंदीत ऐकली, आणि जपानीचा एक शब्दही आमच्या वाट्याला आला नाही. आवाज मूळचा हवा, हे उघड आहे. खालच्या ओळींचं काय? मिटरर आणि मॅक्वीन यांनी 2009 साली डच लोकांना अनोळखी वळणाचं स्कॉटिश आणि ऑस्ट्रेलियन इंग्रजी ऐकवलं. ज्यांच्या पडद्यावर इंग्रजीच ओळी होत्या, त्यांचे कान त्या उच्चारांना लवकर सरावले. डच ओळी वाचणाऱ्यांना त्या ओळींचा उलट अडथळा झाला. ते लोक इंग्रजी जाणणारे होते, त्यामुळे नवशिक्याला हा निकाल जसाच्या तसा लावता येणार नाही. तरी आम्ही बेत बदलला. पहिल्यांदा गोष्ट कळावी म्हणून इंग्रजी ओळी, आणि तोच भाग दुसऱ्यांदा जपानी ओळी लावून. मराठी फक्त वहीत, चित्र थांबवून.

त्या वहीतली सगळ्यात भरलेली पानं आवाजांची आहेत. मांगात आवाज चित्रातच रेखाटलेले असतात, कधी अख्ख्या पानभर. छातीत 'दोकी दोकी', म्हणजे धडधड. ढगांचा 'गोरो गोरो', म्हणजे गडगडाट. पाऊस सुरू होताना 'पोत्सु पोत्सु', मंद पडताना 'शितो शितो', कोसळताना 'झाऽ झाऽ'. टपटप, रिमझिम, धो धो. आणि ज्या गोष्टींना आवाजच नसतो त्यांनाही जपानीत असे शब्द आहेत: 'त्सुरु त्सुरु' गुळगुळीत, 'झारा झारा' खरखरीत, 'बेतो बेतो' चिकचिकीत, 'पिका पिका' लखलखीत. इंग्रजीत हे सांगायला वाक्य लागतं. मराठीत शब्दाला शब्द आहे, आणि घडणही तीच: एक तुकडा घ्यायचा आणि दोनदा वाजवायचा.

हे नुसतं सजावटीचं सामान नव्हे. जपानीत 'कोरो कोरो' म्हणजे लहान गोटी घरंगळते, 'गोरो गोरो' म्हणजे मोठा धोंडा. 'कीरा कीरा' चांदणी लुकलुकते, 'गीरा गीरा' ऊन डोळ्यांत घुसतं. क चा ग झाला की वस्तू जड, मोठी किंवा उग्र होते. आता मराठीत देवघरातली घंटी आणि मंगेशीच्या देवळातली घंटा आठवा. एक किणकिणते, दुसरी घणघणते. ध्वनी आणि अर्थ यांच्यातल्या या नात्याला ध्वनिप्रतीकत्व म्हणतात. इमाई मुत्सुमी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 साली तीन वर्षांच्या जपानी मुलांना चालण्याच्या तऱ्हांसाठी नवी, बनावट क्रियापदं शिकवली. ज्या शब्दांचा ध्वनी त्या चालीला साजेसा होता, ते शब्द मुलांनी दुसऱ्या माणसाच्या तशाच चालीला बरोबर लावले. ध्वनी साजेसा नव्हता तिथे ती अडखळली. शब्दाचा आवाजच अर्थाकडे बोट दाखवत होता. जपानी न येणाऱ्या इंग्रजी भाषकांनाही यातले काही दुवे जाणवले. ज्याच्या आजीने त्याला 'लुटुलुटु चालतो' म्हणून वाढवलं, त्याच्या कानाची तयारी याहून पुढची असणार, असं मला वाटतं.

मराठी कान सगळीकडे मात्र पुढे नाही. 'किते' म्हणजे येऊन आणि 'कित्ते' म्हणजे टपालाचं तिकीट. पता आणि पत्ता वेगळे ओळखणाऱ्या आपल्याला हे सहज जमतं. (गोव्यातल्या कानाला 'किते'मध्ये आधी कोंकणीतलं 'काय?' ऐकू येतं, ते वेगळं.) पण 'ओबासान' म्हणजे काकू आणि 'ओबाऽसान' म्हणजे आजी, इथे आपण घसरतो. ऱ्हस्वदीर्घाचा फरक आपण लिहिताना काटेकोर पाळतो, बोलताना तो बराच पुसट झाला आहे. मदतीला येतं ते शाळेतलं वृत्त. जपानी कान शब्द मात्रांनी मोजतो, हायकूचे 5-7-5 सुद्धा मात्राच. 'तोक्यो' म्हणजे तो-ओ-क्यो-ओ, चार ठोके. दोन गुरू, चार मात्रा. भाचीला मी टाळी देत मोजायला लावलं आणि काकूची आजी होणं थांबलं.

जपानी मुळाक्षरांचा तक्ताही तिला परका वाटला नाही: अ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. बौद्ध भिक्षूंनी संस्कृत मंत्रांसाठी सिद्धम् या जुन्या भारतीय लिपीचा अभ्यास केला, त्यातून हा क्रम आला. क, त, न, म, य, र, व आपापल्या जागी आहेत. 'न' आणि 'म' यांच्या मधे 'ह' कसा, हा तिचा प्रश्न अगदी बरोबर होता. तिथे 'प' हवा. जुन्या जपानीत तिथे 'प'च होता. पुढे त्याचा 'फ'सारखा उच्चार झाला, मग 'ह'. मधल्या टप्प्याचा पुरावा 1603 साली नागासाकीत छापलेल्या जपानी-पोर्तुगीज कोशात आहे. सुमारे 32,000 शब्दांच्या त्या कोशात फुलासाठीचा आजचा 'हाना' हा शब्द 'फाना' असा आहे.

पोर्तुगीज म्हटलं की आपण घरी येतो. मांगात शाळेला उशीर झालेली मुलगी तोंडात ब्रेडचा तुकडा धरून धावते, हे ठरलेलं दृश्य. त्या तुकड्याला ती 'पान' म्हणते. सकाळी सायकलवरून पों-पों करत आपला पोदेर जो पाव आणतो, तोच हा शब्द. दोन्ही एकाच पोर्तुगीज शब्दाची लेकरं. शर्टाचं बटण तिथे 'बोतान'.

आणि ही वाट गोव्यातूनच गेली. आंजिरो नावाचा एक जपानी माणूस 1548 साली गोव्यात आला. जुन्या गोव्याच्या सेंट पॉल कॉलेजात तो पोर्तुगीज शिकला. त्या कॉलेजची कमान अजून उभी आहे. ख्रिस्ती धर्मप्रचारक फ्रान्सिस झेवियर त्याला बरोबर घेऊन 15 ऑगस्ट 1549 रोजी कागोशिमाला उतरला. ख्रिस्ती देवासाठी आंजिरोने शब्द सुचवला 'दाइनिची'. तो निघाला महावैरोचन बुद्धाचं नाव. ऐकणाऱ्यांना वाटलं, हा बौद्धांचाच एखादा नवा पंथ असेल. पुढे तो शब्द सोडून 'देउसु' असा पोर्तुगीजच शब्द वापरावा लागला. प्रतिशब्द मिळाला म्हणून त्याची वस्ती कळली असं होत नाही.

अ‍ॅनिमेतून शिकणाऱ्यांचा पाय नेमका इथे अडकतो. पडद्यावरचा तरुण नायक स्वतःला 'ओरे' म्हणतो, समोरच्याला 'ओमाए' म्हणतो. म्हातारा 'वाशी' म्हणतो आणि वाक्याच्या शेवटी 'जा' लावतो. खरे जपानी आजोबा सहसा असे बोलत नाहीत. पात्र ओळखू यावं म्हणून नेमून दिलेल्या अशा बोलीला किन्सुई सातोशी या भाषाशास्त्रज्ञाने 'याकुवारिगो' म्हटलं, म्हणजे भूमिकेची भाषा. आपल्याकडे जत्रेला होणाऱ्या ऐतिहासिक नाटकांवरूनच कुणी मराठी शिकला, तर म्हापशाच्या बाजारात तो बांगड्याचा भाव 'निवेदन करा' म्हणेल. शब्द शुद्ध, जागा चुकीची.

मी स्वतः पुण्यात शिकत असताना पहिल्या वर्षी आमच्या जपानी बाईंना 'आनाता' म्हणाले होते. कोशात त्याचा अर्थ 'तुम्ही' आहे. बाई रागावल्या नाहीत, हळूच म्हणाल्या, "सेन्सेई म्हणायचं." सेन्सेई म्हणजे गुरू. जपानीत वडीलधाऱ्यांसाठी 'तुम्ही'सुद्धा टाळतात आणि पदच घेतात, जसं आपण 'काकू येणार का?' असं काकूंनाच विचारतो. 'मोत्ते किता का' हेही बापाने मुलाला विचारायचं. बाईंना विचारायचं तर 'मोत्ते किमाशिता का'. हे मांगात दिसतं, पण चूक सुधारणारं माणूस मांगात नसतं. कॅनडात फ्रेंच माध्यमात वर्षानुवर्षं शिकलेल्या इंग्रजी मुलांना फ्रेंच उत्तम समजे, पण बोलताना व्याकरण डळमळे. मेरिल स्वेन यांनी त्यावरून 1985 साली मांडलं की नुसतं समजून घेणं पुरत नाही, स्वतः वाक्य बनवताना जे अडतं त्यातून पुढचं शिकणं होतं. म्हणून भाची आता आठवड्यातून एकदा फोनवर माझ्याशी जपानीत बोलते. दहा मिनिटं. तिला अजून ती फार लांब वाटतात.

परवा तिने वहीचं एक पान पाठवलं. वर लिहिलंय 'शीऽन'. जपानीत शांततेलाही आवाज आहे, आणि मांगात तो रिकाम्या चौकटीत लिहितात. समोरच्या रकान्यात आधी 'शुकशुकाट' लिहून खोडलंय, कारण तो रस्त्यावर असतो. मग 'सामसूम' लिहून खोडलंय, ती घरात आणि रात्रीची. चित्रात भरल्या वर्गात एक मुलगा नको ते बोलून बसला आहे आणि सगळे त्याच्याकडे बघताहेत. खाली तिसरा शब्द आहे, 'चिडीचूप', आणि त्याच्यापुढे पेन्सिलीने काढलेलं प्रश्नचिन्ह.