बडोद्यातील कुस्ती

कुस्ती : दोन मल्लांनी शस्त्रावाचून, अंगाला अंग भिडवून खेळायची झुंज. पाठ लागली, म्हणजे दोन्ही खांदे एकदम जमिनीला टेकले, की कुस्ती निकाली.

मातीच्या कुस्तीला एवढा नियम जवळजवळ पुरतो. आखाड्याच्या हौदातली, म्हणजे लढतीच्या खड्ड्यातली, लाल माती चाळून तीत तेल, ताक, हळद, लिंबू मुरवतात. सलामी होते, हात मिळतात, मग खडाखडी, म्हणजे उभ्याने पकडीसाठी झटापट. घामाने पकड निसटू लागली की मल्ल मूठभर माती जोडीदाराच्या खांद्यावर टाकतो. यात अपमान नाही, सोय आहे. ठोसा, चावा, बोटे मुरगळणे वर्ज्य. एकेरी पट हा साधा दिसणारा डाव : समोरच्याचा पाय पुढे पडला त्या क्षणी खाली शिरून तो ओढायचा. तोड अशी, की पाय मागे झोकून सगळे अंग डाव टाकणाऱ्याच्या पाठीवर सोडायचे. क्षणभर उशीर झाला तर तोड उरत नाही.

गादीवर, म्हणजे मॅटवरच्या कुस्तीत, मात्र घड्याळ आणि गुण आले. नऊ मीटर व्यासाचे वर्तुळ, तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये ३० सेकंद विश्रांती. फ्रीस्टाइलमध्ये १० गुणांची, ग्रीको-रोमनमध्ये ८ गुणांची आघाडी मिळाली की लढत तिथेच संपते. ग्रीको-रोमनमध्ये कमरेखाली पकड नाही आणि पायाचा वापरही नाही. म्हणजे आपले पट आणि टांग (पाय अडकवून पाडण्याचा डाव) दोन्ही बाद. मातीत तयार झालेल्या पोराला हेच सर्वांत जड जाते.

बडोद्यात हा खेळ आधी दरबारी तमाशा होता. खंडेराव गायकवाडांच्या कारकिर्दीत (१८५६–७०) पंजात शिंगाच्या नख्या बांधून मल्ल एकमेकांना रक्तबंबाळ करीत. फ्रेंच प्रवासी लुई रूसले याने या झुंजींचे वर्णन करून ठेवले आहे. आज ज्याला कुस्ती म्हणतात तिच्याशी त्याचे नाते नावापुरतेच मानावे.

पुढे कुस्ती राजवाड्यातून व्यायामशाळेत आली. दांडिया बाजारातील जुम्मादादा व्यायाम मंदिर हे त्यातले मोठे नाव. जुम्मादादांचे शिष्य प्रा. माणिकराव यांनी तेथे कुस्ती, मल्लखांब, लाठी शिकवली. निखळलेले सांधे बसवण्यातही त्यांचा हात प्रसिद्ध होता, आणि आखाड्याला असा माणूस लागतोच. मराठीतला दहा खंडांचा व्यायाम ज्ञानकोशही (१९३६–४९) बडोद्याचाच. त्याचे संपादक दत्तात्रय चिंतामण करंदीकर-मुजुमदार. कोल्हापूरने मैदान गाजवले; वस्तादाच्या तोंडी असलेली विद्या कागदावर उतरवण्याचे काम बडोद्याने अधिक केले.

कमाटीबागेतील संग्रहालयात एक दगड ठेवला आहे. वजन सुमारे १,२०० किलो सांगतात, आणि २३ डिसेंबर १९०२ रोजी गामा पैलवानाने तो उचलल्याची त्याची ख्याती. गामाची उंची साडेपाच फुटांहून जेमतेम अधिक. दगड पाहणारे बहुतेक जण आधी त्याला हात लावून ढकलून पाहतात.